फितीतला सांधा

पुस्तक चाळता येतं, कॅसेट चाळता येत नाही. आमच्या नगरच्या वाचनालयात जुन्या ध्वनिफितींच्या नोंदी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकाची पहिली दोन पानं उलटली की नाव, लेखक, साल, सगळं हातात. कॅसेटवर नुसतं ‘भजन’ लिहिलेलं, तेही अर्धं पुसलेलं. आत कोण गातंय, काय गातंय, किती वेळ, हे लिहायचं तर ती यंत्रात घालून ऐकावीच लागते. आणि जुनी कॅसेट यंत्रात घालायची म्हटलं की ती तुटेल, हीच धास्ती. मुळात मी गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारी बाई. मला हे काम द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे.

डिसेंबर लागला आणि पुणतांब्याकडच्या एका खेड्यातून चाळिशीची एक बाई आली. शाळेत पोषण आहार शिजवायची. रुमालात गुंडाळलेली एकच कॅसेट तिनं टेबलावर ठेवली.

“ह्याच्यात आमच्या आत्यांचं गाणं हाय, मॅडम.”

आत्या म्हणजे तिची सासू. गावातल्या ख्रिस्ती भजनी मंडळाची पुढारी. स्वतः रचलेलं नाताळाचं भजन ती दरवर्षी ढोलकी-झांजेवर म्हणायची आणि बाकीचे मागून साथ करायचे. यंदा उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

“त्यास्नी कळतंय का न्हाई, त्येच कुनाला कळंना,” सून सांगू लागली. “डॉक्टर म्हणत्यात, सांगता येत न्हाई. थोरले दीर म्हणत्यात, काय न्हाई ऱ्हायलं आता तिच्यात. त्यांच्या उशाशी बसून बोलत्यात, कुठल्या आश्रमात टाकायचं म्हणून. मला वाटतं, सोताचं गाणं तरी वळखतील. पण कानाला कमी येतं, मोबाईल लावून भागायचं न्हाई. मंडळानंच म्होरं बसून म्हणायला पायजे. आनि चाल तर आत्यांशिवाय कुनाला धड येत न्हाई. तुमी तेवढी काढून द्या.”

कॅसेट वाचनालयात ठेवायची आणि गाणं तिच्या मोबाईलवर द्यायचं, असं ठरलं. जुनी फीत पुन्हापुन्हा वाजवायची नाही, एकदाच लावायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, ही आमची पद्धत. मी पेन्सिल घालून सैल पडलेली फीत घट्ट करून घेतली, यंत्राची चाकं पुसली, पुन्हा पुसली. मग मात्र दुसरं काही करायला उरलं नाही, तेव्हा बटण दाबलं.

काय आवाज होता बाईचा! खणखणीत, जरासा दटावणारा. दोन कडवी नीट झाली. मी कागदावर लिहायलाही लागले होते, तेवढ्यात तिसऱ्या कडव्यात तो आवाज झोपेतल्यासारखा जड झाला आणि यंत्रानं फीत आत ओढली. मी झटकन बंद केलं, पण फीत रबरी चाकाला गुंडाळली गेली होती. सून माझ्या मागे उभी होती. माझ्या खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरल्याचं मला जाणवलं.

गुंडाळलेली फीत सोडवता सोडवता तुटली. तीन बोटं लांबीचा तुकडा इतका चुरगळला होता की कापून टाकावा लागला. उरलेली टोकं मी खास चिकटपट्टीनं सांधली आणि पुढचं गाणं उतरवून घेतलं. सांध्यापाशी ते टुणकन पुढच्या ओळीवर उडी मारत होतं. तिथं काय होतं, ते सुनेलाही आठवेना. नोंदीत मी लिहिलं, ‘तिसऱ्या कडव्यात फीत तुटलेली, सांधलेली.’ तिलाही दोनदा सांगितलं.

“एवढ्यानं काय हुतंय,” ती म्हणाली. ते मला धीर द्यायला होतं, हे कळत होतं. धीर काही आला नाही. म्हातारीनं गाणं ओळखलं नाही, तर ते त्या तीन बोटांमुळेच, हे माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

नाताळाला तिनं मला बोलावलं. जाऊ नये असं फार वाटलं, पण घरी बसून काय झालं असेल याचा विचार करणं त्याहून वाईट, म्हणून संध्याकाळी पोचले. अंगणात लोखंडी कॉटवर म्हातारीला उशांना टेकवून बसवलं होतं. थोरला मुलगा हाताची घडी घालून दाराशी उभा होता. मंडळानं गायला सुरुवात केली.

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. म्हातारी समोर बघत होती, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सून गाता गाता सारखी तिच्याकडे बघत होती. मग तिसरं कडवं आलं, आणि सगळ्यांनी एकमुखानं माझ्या सांध्यावरून उडी मारली, अगदी फितीतल्यासारखी. त्यांनी ती तशीच पाठ केली होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टण. टण.

ढोलकी थांबली. म्हातारीचा डावा हात कॉटच्या दांडीवर होता, हातातली बांगडी लोखंडाला टेकलेली.

“परत घ्या,” सून कशीबशी म्हणाली.

त्यांनी तिसरं कडवं परत घेतलं. आधीचा आवाज योगायोगाचा असेल, या भीतीनं मी तिच्या हाताकडेच बघत होते. ती जागा आली. सगळे पुढे गेले आणि पुन्हा टण, टण, या वेळी जोरात. म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. दोन ठोके थांबून मग पुढची ओळ उचलायची, हे या गाढवांना कुणी शिकवलं नाही का, असा तिचा चेहरा होता. सुनेनं पदर तोंडाशी नेला.

थोरला मुलगा दारातून पुढे आला. आईच्या पायाशी बसताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई,” तो म्हणाला, “म्हंजे आमी इतके दिस तुज्यासमोर जे बोलत हुतो, ते समदं तुला...”

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. डाव्या हातानं ती ढोलकीवाल्याला खुणावत होती, पुन्हा घे म्हणून.