जाड गोळीचं भोक
काल करीसाठी उकडलेली अंडी सोलताना गंधकाचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं मिशिगनमधलं एक मैदान आठवलं. ठासणीच्या बंदुकांची नेमबाजी होती, धुराला हाच वास होता आणि माझा बॉस सगळ्यांत जाड गोळी घेऊन आला होता. नेमाच्या कागदावर भोकाची कड आतल्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी आतले गुण मिळायचे, म्हणजे जेवढी गोळी जाड तेवढा नेम चांगला. तरी हा गृहस्थ सकाळपासून मला शिकवत होता, "सगळा खेळ नजरेचा आहे." शेवटी बारीक गोळीने खेळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंशी त्याची चुरस झाली आणि निकाल त्याच्या एका भोकावर अडला. "तू इंजिनिअर, तूच सांग," म्हणत त्याने भिंग माझ्या हातात दिलं. एवढं भगदाड पाडूनही कड रेषेला टेकली नव्हती. "टच होतंय, सर," मी म्हणालो. बाई बंदूक पुसायला लागल्या. त्याला ढाल मिळाली, मला पाठीवर थाप. कालच्या करीत मीठ दुप्पट पडलं होतं. जेवायला आलेला माझ्या हाताखालचा इंजिनिअर "सर, एकदम मस्त" म्हणाला, आणि मी त्याला आणखी वाढली.