पायजमा घातलेला कोंबडा

मामाने टॉवेलची घडी उलगडली आणि ओटीवरचे सगळे पुढे वाकले. इतका गडद रंग मी अंड्यावर कधी पाहिला नव्हता. ओल्या चिंचेचा रंग, त्यावर बारीक काळसर ठिपके, आणि हाताला इतकं गुळगुळीत, गार की वाटावं, जोरात धरलं तर रंग बोटांना लागेल. मामा बोटीवर कामाला. फ्रान्सहून विमानाने सुट्टीवर येताना त्याने ही मारान्स जातीची अंडी कपड्यांत गुंडाळून आणली, कारण शेलार गावातली त्याची ही भाची कोंबड्यांपुढे बारावीचा अभ्यासही विसरते हे त्याला ठाऊक होतं. काकाने एक उचलून कानाशी नेलं.

"अंडी हायत का चिकू?"

"काका, हलवू नको ना!"

"बरं बाय. पन पिकले का मला सांग."

आमची गावठी कोंबडी नेमकी खुडूक बसली होती, तिच्या पोटाखाली मी ते चिकू सारले. मग सायबर कॅफेत बसून मिळेल ते वाचत सुटले. मारान्समध्ये म्हणे तीन गोष्टी बघायच्या. काळ्या अंगावर मानेला तांब्याची झळाळी, घासलेल्या कळशीसारखी. पायांच्या बाहेरच्या बाजूला नखांपर्यंत उतरलेली पिसं. आणि अंड्याचा गडदपणा. पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात, तिसरीचं काय करायचं? कोंबडा अंडं घालत नाही, पण त्याच्या लेकी कसली अंडी घालतील हे निम्मं त्याच्यावर असतं. एक अख्खा रंग अंगात घेऊन तो उकिरडा उकरत फिरतो आणि ते कुणाला दिसत नाही, त्यालाही नाही. किती विलक्षण आहे हे! त्याच्याबद्दल आपल्याला कळतं ते एवढंच, की तो स्वतः कुठल्या अंड्यातून आला. म्हणून पिल्लं फुटली त्या सकाळी मी कोंबडीपाशीच बसून राहिले, आणि सगळ्यात गडद अंड्यातून जे पिल्लू बाहेर आलं त्याच्या पायात काकाच्या कापडाच्या लूमवरचा लाल धागा सैलसा बांधला.

महिनाभरात पिल्लांच्या डोळ्यांभोवती, चोचीशी फोड आले. मी हळद लावत होते, डॉक्टरांना विचारत होते, आणि आईने आमच्याकडे फोड आल्यावर बायका करतात तेच केलं. गावदेवीपुढे पदर पसरला. "यातले वाचव आई, मोठे झाले का सगल्यात चांगला कोंबडा तुजा."

पाच वाचले. तीन माद्या, दोन नर.

नरांतला एक म्हणजे नुसता थाट. तांब्याची मान, पायांवर अशी भरगच्च पिसं की काका म्हणाला, "यो तर पायजमा घालून आलाय, लूमवाला शेठ." तेच नाव पडलं. शेठ आईच्या हातातून तांदूळ खायचा, ती भांडी घासायला बसली की तिच्या पाठीला टेकून उभा राहायचा. दुसरा लाल धाग्याचा. मान मळकी, पाय उघडे, आवाज फाटका. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मी बघायचे.

चैत्रात जत्रा आली, आणि काकाने टोपली काढून शेठकडे बोट केलं. त्यात विचारायचं काय होतं? सगळ्यात चांगला कोण, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. फक्त माझ्या हिशेबाने सगळ्यात चांगला तो नव्हता. गप्प बसले असते तर माझा कोंबडा सुखरूप राहिला असता आणि नवसही फिटला असता. पण देवीपुढे बोललेला शब्द, आणि खरा चांगला आपण पाठीमागे लपवायचा? शेवटी आईला सांगितलं. तिला अंडं, बाप, लेकी, सगळं समजावलं. म्हटलं, नवस खरा करायचा तर धाग्यावाला द्यायला हवा.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"देवीपुडं कोन बोललं व्हतं? तू का मी?"

"तू."

"मंग माज्या डोल्यांना चांगला, तो जानार. तुजा तुज्याजवल राहू दे."

मला इतकं हलकं वाटलं की मी अंगणात पळत गेले. जत्रेच्या सकाळी तिने शेठच्या पायांतली चिखलाची ढेकळं कोमट पाण्याने सोडवली, पिसं फडक्याने एकेक करून पुसली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माझ्या चांगल्याचाच विचार करत होते. द्यायचा होता तो तिचा लाडका. दुपारी सगळ्यांना वडे आणि नवसाचा रस्सा वाढून झाल्यावर तिने स्वतःचा वडा चटणीला लावून खाल्ला. काकाने तिच्या ताटाकडे बघितलं आणि पाणी मागितलं.

धाग्याच्या कोंबड्याने माझा शब्द राखला. पुढच्या वर्षी त्याच्या लेकी अंड्यावर आल्या, अगदी मामाने आणलेल्या रंगावर! भावंडांचीच जोडी होती, पण दुसरं रक्त आणणार कुठून? फक्त पाय सगळ्यांचे उघडे. माद्यांच्या पायांवरही पिसं नावालाच होती, आणि जो भरभरून देणार होता तो गेला होता. एक गुण धरावा तर दुसरा मुठीतून निसटतो, हे कॅफेत वाचलं होतं, पण ते असं आपल्याच अंगणात उघड्या पायांनी फिरेल असं वाटलं नव्हतं.

आईला रंगाचं काही नव्हतं. पिल्लं फुटली की ती एकेक उचलायची, उलटं करायची, पाय बघायची आणि खाली सोडायची. एका पावसाळ्यात मात्र एक पिल्लू तिने खाली सोडलं नाही. त्याच्या पायांच्या कडेला काळी लव होती, ओली, चिकटलेली. तिने फुंकर घातली तशी ती लव उभी राहिली.

काका चहा घेत बसला होता. म्हणाला, "आला काय पायजमा? बरा वाढव वैनी, चैताला—"

आईने पिल्लू पदरात घेतलं.

"यो नवसाला कोनालाच बोलायचा न्हाय," ती म्हणाली.