थंडी वाजून राहिली

मे महिन्यातली भर दुपार. नवा रायपूरला आत्याकडे जेवून मी आणि बाबा रायपूर शहरात, तेलीबांध्याला घरी परत निघालो होतो. बाबांचा जन्म रेल्वेच्या डब्यांतले पंखे-दिवे दुरुस्त करण्यात गेलेला, आता वय ऐंशीच्या घरात. जेवताना त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं होतं. उन्हानं भूक मरते, असं आम्ही सगळेच म्हणालो.

थोडं अंतर गेलो आणि एसीतून कोमट हवा यायला लागली. मी ब्लोअर वाढवला, बटण बंद करून पुन्हा चालू केलं. गाडी पळताना हवा जरा गार लागायची, चौकात थांबली की भट्टी. मी घामानं चिंब झाले. "बाबा, एसी बिघडला वाटते. काच उघडू का?" मी विचारलं.

"काहून? मले थंडी वाजून राहिली," बाबा मागून म्हणाले. "बंद कर ना वं तो एसी."

मी आरशात पाहिलं. ते खरंच कुडकुडत होते. दातांवर दात आपटत होते.

गाडी कडेला घेऊन मी मागचं दार उघडलं. कपाळाला हात लावला तर चटका बसला. त्यांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "दुर्ग स्टेशन आलं काय? डब्यातले पंखे काहून बंद आहेत?"

"बाबा, मी आहो. तुमची पोरगी."

"हव, हव," ते म्हणाले. पण त्यांना मी ओळखू आले नव्हते.

रस्ता दोन्हीकडे रिकामा. झाड नाही, दुकान नाही. अँब्युलन्स बोलावली तर तिला इथवर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात मी स्वतः दवाखान्यात पोचले असते. पण इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर चढलेला. गाडी मधेच बंद पडली तर या उन्हात बाबांना घेऊन मी काय करणार?

बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतून मी ती त्यांच्या मानेभोवती गुंडाळली आणि बोनेट उघडलं. इंजिन चालू, एसी चालू, तरी इंजिन गार ठेवणारा पुढचा पंखा जागचा हलत नव्हता. म्हणून थांबलं की एसी गरम, आणि म्हणूनच इंजिनही तापत होतं. पंखा जळला होता की त्याला वीजच मिळत नव्हती? बाबांचं घरातलं नेहमीचं वाक्य होतं : चालू जागचं काढून बंद जागी लाव, मग समजते. मी इंजिन बंद केलं. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा होता. पंख्याला वीज सोडणारा रिले, काडेपेटीहून लहान चौकोनी डबी, आणि हॉर्नचा रिले, दोन्ही सारखेच दिसत होते. हॉर्नचा काढून पंख्याच्या जागी बसवताना तो एकदा खाली पडला, उचलून पुन्हा दाबून बसवला. मागून बाबा कोणाला तरी हाका मारत होते, मला नाही.

चावी फिरवली. एसी लावला. पंखा घरघरला.

त्यानंतर मी हॉर्नशिवाय गाडी पळवली. तेलीबांध्याच्या गर्दीत काच खाली करून "भैया, हटो! हटो ना!" ओरडत होते. बाबांची बडबड थांबली होती, आणि त्या शांततेची मला जास्त भीती वाटत होती. "बाबा, बोला ना, काहीही बोला," मी म्हणत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. ताप आत्याकडेच चढायला लागला असणार. "आज रात घर पे रुक जाते, तो मुश्किल था," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. मी जवळ जायला घाबरत होते. पुन्हा परक्यासारखं बघितलं तर? त्यांनी मला निरखून पाहिलं आणि ते म्हणाले, "तू जेवली काय वं?"

घरी आल्यावर त्यांना त्या दुपारचं काही आठवेना, आणि मीही सांगितलं नाही. आता ते जरा जास्त वेळ गप्प बसले की मी उगाच काहीतरी विचारते. ते चिडतात. त्यांचं चिडणं ऐकलं की मग माझा रोखलेला श्वास सुटतो.