नूरुद्दीनच्या गच्चीवरचा मोरस

स्वतःचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते तेव्हा शिफ्टमध्ये डुलकी काढणाऱ्या कारागिराची नूरुद्दीनने कधी गय केली नाही. लूम विकले आणि त्याची सारी माया गच्चीवरच्या मोरसावर गेली.

मोरस म्हणजे खाडीच्या चिखलात आपोआप येणारी, बारीक मांसल पानांची भाजी. उकडून, पिळून, जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी घालून करतात. मीठ घालत नाहीत. पान मुळातच खारट. खाडीचं पाणी बिघडल्यापासून त्याच्या थोरल्या बहिणीने, खदीजा आपांनी, ती सोडली होती. "आपा, तुला घरचा मोरस खिलवतो," असं नूरुद्दीन सगळ्यांदेखत बोलून बसला. आता आपांनी घास घेऊन "हाच तो" म्हणायला हवं होतं.

त्याने कुंड्यांत गाळलेली माती भरली, शेणखत घातलं, फिल्टरचं पाणी दिलं. दुपारच्या उन्हासाठी वर लूमवरचं न खपलेलं ग्रे, म्हणजे बिनरंगवलेलं कोरं, कापड ताणलं.

"अब्बा, आमची पोरं उन्हात खेळतात, त्यांच्यावर पण एखादा तागा ताणा," सून रमशा म्हणाली.

मोरस असा तरारला की शेजारी शोभेचं झाड समजून फांदी मागायला आले.

आपा जेवायला आल्या. रमशाने भाजी रीतीप्रमाणेच केली. आपांनी घास घेतला, चावला, गिळला. नूरुद्दीनचा हात भाकरीवरच थांबला होता.

"रमशा, मीठ दे गो जरा."

"मोरसात मीठ, आपा?" नूरुद्दीनने विचारलं.

"मग काय करू? लाडावून ठेवलायस त्याला. खारं पाणी घाल, उन्हात टाक. चिखलातली जात ती."

दुसऱ्या दिवशी त्याने बादलीत खडेमीठ विरघळवलं, कापड सोडलं आणि प्रत्येक कुंडीत एकेक मग ओतला. संध्याकाळपर्यंत शेंडे जरा मलूल झाले. नूरुद्दीनने पाइप लावला आणि माती धुऊन निघेपर्यंत गोडं पाणी सोडलं. कापड पुन्हा बांधलं.

रमशाने फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा आपा खूप हसल्या. मग भावाला फोनवर बोलावून म्हणाल्या, "नुरू, राहू दे. तुझ्याच्याने ते व्हायचं नाही. शुक्रवारी येते. पालक म्हणून वाढ, खाईन."

आपा आता दर शुक्रवारी येतात आणि पालक दोनदा मागून घेतात. नूरुद्दीन स्वतः वाढतो.