पाऊण लिटरची भाऊबीज

नागपूरच्या बसस्थानकावर लोक फराळाचे डबे आणि फटाक्यांच्या पिशव्या सांभाळत उभे होते. मी पाण्याची एक बाटली छातीशी धरून उभी होते. पाऊण लिटरची बाटली, आणि तेवढं पाणी आमच्या सुधाकररावांचं दिवसभराचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, आणि रोज पाणी, चहा, वरण, ताक सगळं धरून पाऊण लिटर. त्याच्या वर गेलं की ते अंगात साठतं, वजन चढतं, आणि मशीन ते ओढून काढताना माणूस पांढराफटक पडतो, पायांत गोळे येतात. मी ते पाहिलेलं आहे आणि मला ते पुन्हा पाहायचं नाही.

या दोन वर्षांत हा गृहस्थ नागपूरबाहेर पडला नव्हता. या दिवाळीत मी त्यांच्या मागे लागून बेत ठरवला. मंगळवारचं डायलिसिस उरकून बुधवारी निघायचं, मारेगाव आणि राजूर इथल्या त्यांच्या दोन बहिणींकडे भाऊबीज करायची, गुरुवारी संध्याकाळी परत. धाकटीने तर आमच्या सोयीसाठी आपली भाऊबीज एक दिवस आधी करायची तयारी दाखवली. सुधाकररावांनी मात्र अट घातली.

"शुक्रवारी वजन दोन किलोच्या वर वाढलेलं निघालं, तर यापुढे मला कुठं चल म्हणायचं नाही."

मी कबूल केलं. मी जन्माने पुण्याची. अटी आणि नियम यांचं आम्हाला भय वाटत नाही.

वणीच्या गाडीत शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. वरोरा मागे पडल्यावर त्यांनी माझ्या बाटलीकडे बोट दाखवून घोटभर पाणी मागितलं. आता काय सांगणार? मी म्हटलं, हे पाणी मोजलेलं आहे, देता येणार नाही. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"कोठच्या हो तुम्ही?"

"पुण्याची."

"तरीच," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पुढच्या थांब्यावर मी खाली उतरून त्यांना नवी बाटली आणून दिली, पण पुण्याची अब्रू जायची ती गेलीच.

वणीहून मारेगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणीच्या बायका वाकलेल्या दिसत होत्या. धाकटी नणंद नंदा दारातच उभी होती. ती समजूतदार आहे, तिने भावाला मोजूनमापून जेवू घातलं. घोटाळा तिच्या गल्लीने केला. दादा दोन वर्षांनी आले म्हटल्यावर सात घरांतून बोलावणं आलं, आणि तिथे चहा नाकारणं म्हणजे घरादाराचा अपमान. शेवटी आम्ही एक युक्ती काढली. सुधाकररावांनी कप हातात घ्यायचा, गप्पा मारायच्या, घरची बाई आत वळली की कप माझ्या रिकाम्या कपाशी बदलायचा. सात घरांत मी चौदा कप चहा प्यायले. सहाव्या घरी बाईंनी माझा रिकामा कप पाहिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "वहिनीले चाय लई आवडते दिसते." त्यांनी तो पुन्हा भरला. तो धरून पंधरा. त्या दिवशीच्या झोपेचं काही विचारू नका.

गुरुवारी वणीवरून ऑटोने राजूरला गेलो. कोळशाच्या ट्रकांनी रस्ता काळा आणि झाडंही काळी, माझी मोतिया रंगाची साडी पोचेपर्यंत करडी झाली. थोरल्या नणंदेला, कमलताईंना, नंदाने फोनवर सांगून ठेवलं होतं की दादाला पाणी चालत नाही. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की ओसरीवरचा गुंड (पाण्याचं पितळी भांडं) आत लपवला होता.

"पानी डोयापुढंच नको," त्या म्हणाल्या, "गिलासबी उचलले म्या."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात ताट आलं. वाडगाभर कढीगोळे, वाटीभर पातळ वरण, शेवयांची खीर आणि पेलाभर ताक.

मी म्हटलं, कमलताई, हे सगळं पाणीच आहे हो.

"काहून? हे कढी हाय, हे ताक हाय. यात पानी कोठं हाय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला मी तोंड उघडेपर्यंत त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांत शहाळं घेऊन आल्या, वर नळी खोचलेली. गुडघे धड चालत नसताना बाई सकाळी स्वतः वणीला जाऊन ते घेऊन आल्या होत्या. आजारी माणसाला सगळेच नारळपाणी देतात. त्यातलं पोटॅशियम या आजारात बाहेर पडत नाही आणि हृदय बंद पडू शकतं, हे त्यांना कोण सांगणार? सुधाकररावांना माहीत होतं. पण समोर बहीण उभी होती, आणि त्यांनी नळी ओठांना लावली.

मी उठले आणि शहाळं हिसकावून घेतलं. निम्मं त्यांच्या नव्या सदऱ्यावर सांडलं. मग मी काय ते एका दमात सांगून टाकलं. माझा आवाज चढला होता. कमलताई मटकन पाटावर बसल्या.

"मंग मी देऊ तरी काय तुले?" त्या भावाला म्हणाल्या. "भाऊबीजेले तहानलेला पाठवू का?"

सुधाकररावांनी ओला सदरा झटकला.

"ताई, तहान लय लागते," ते म्हणाले. "रोज लागते. बर्फ असन तं एक तुकडा दे."

दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नव्हतं. मी रोज पाणी मोजत होते, तहानेचं विचारलंच नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

कमलताईंच्या फ्रिजमध्ये बर्फ नव्हता. त्या लंगडत शेजारी गेल्या आणि अख्खा ट्रे घेऊन आल्या. वाटीत एक तुकडा ठेवला. वितळला तर दोन चमचे, मी मनात मांडून टाकले. डोळे मिटून सुधाकररावांनी तो चांगला दहा मिनिटं चघळला, आणि ताई पंचपक्वान्न वाढल्यासारख्या बघत बसल्या. ओवाळून घेतानाही भावाच्या गालात दुसरा तुकडा होता. ताटात कढी निथळून नुसते गोळे वाढले गेले. उरलेली कढी, ताक आणि खीर कोणी संपवली हे सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी डायलिसिसच्या आधी ते वजनकाट्यावर उभे राहिले. मी देवाचं नाव घेत आकड्याकडे पाहत होते. वाढ एक किलो सातशे. मी जिंकल्याचं त्यांना बजावून सांगणार, तोच ते माझ्याकडे न बघता तंत्रज्ञाला विचारायला लागले, की पुण्यातल्या एखाद्या केंद्रात आधी ठरवून आठवड्याभराचं डायलिसिस करता येतं का. तो म्हणाला, येतं की काका, कागदपत्रं तयार करून देतो.

माझा एकुलता भाऊ पुण्यात असतो. दोन वर्षं मी त्याला ओवाळलं नव्हतं, आणि घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते ना?" सुधाकरराव काट्यावरून उतरत म्हणाले. "त्याला फोन कर. बर्फ करून ठेव म्हणावं."

तंत्रज्ञ बघत होता, बाकीचे रुग्ण बघत होते. मी तिथेच उभी राहून रडले.