आवाज आहे, चित्र नाही

थोरल्या भावाचा जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर स्वच्छ दिसावा म्हणून मी उघडला आणि सोल्डरिंग करताना चित्राची चिप जाळली. गोरेगावचा रिपेअरवाला माझ्या पराक्रमांना सरावलाय. मागच्या खेपेला मिक्सर होता. हा माणूस आधी आतला सर्किट बोर्ड हुंगतो आणि बोलतोही बोर्डाशीच.

“काय रे बाबा, कोणी भाजलं तुला?”

टीव्हीला जोडल्यावर गेमचं गाणं वाजलं, पडदा काळाच.

“ही चिप आता मिळत नाही.”

“दादाची केमो चालू आहे, काका. रविवारी एक डाव खेळू म्हणालाय.”

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जळकी चिप तशीच ठेवून एकेक स्क्रू परत बसवला, डबा फडक्याने पुसला.

“स्वच्छ चित्र दादाने मागितलं होतं?”

“नाही.”

“मग खाज तुझीच होती.”