हापशीच्या पाण्याचा पाठ

आमच्या घरी नुसतं 'पाणी' असं कुणी म्हणत नाही. गोडं म्हणतात, नाहीतर खारं. पाहुण्याला गोडं द्यायचं, भांडी खाऱ्यात विसळायची. गोडं नळाला येतं आणि नळ कधी येईल याचा भरवसा नाही. खारं मात्र हापशी मारली की केव्हाही येतं, आणि नळ आला नाही की प्यायचंही तेच. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात आमच्यासारखी पुष्कळ गावं आहेत. त्या सगळ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. खाऱ्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग पडतात ते चिंचेनेच निघतात. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तरी सहावीच्या परीक्षेत मी 'पाणी रंगहीन, गंधहीन व चवहीन असते' असं लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले. पुस्तकातलं पाणी वेगळं आणि आपलं वेगळं, अशीच तेव्हा माझी समजूत होती. त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

पुढे बी.एड.साठी अमरावतीला आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. होस्टेलवर पहिल्या दिवशी नळाचं पाणी प्यायले आणि तहान भागेना. पाणी अळणी लागत होतं. शेवटी जेवताना पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. माझ्या खोलीत धामणगावची एक मुलगी होती, तिने ते पाहिलं.

"काय करून राहिली वं? मीठ टाकून पानी पितं का कोनी?"

"आमच्याकडे असंच लागते," मी म्हटलं.

"मंग लोणचंही टाक ना थोडंसं."

ती हसली, मीही हसले. पण नंतर पेला आडोशाला धरून मीठ टाकायला लागले, आणि काही दिवसांनी तेही बंद केलं. आपलीच जीभ चुकीची आहे असं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी आंतरवासिता असते. म्हणजे काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचं आणि मधूनमधून कॉलेजचे सर येऊन पाठ बघतात. मला आमच्याच तालुक्यातली शाळा मिळाली, सहावीचा वर्ग, विषय विज्ञान. सरांनी बघायचा पाठ ठरला 'पाण्याचे गुणधर्म'. त्यासाठी टाचण लिहावं लागतं. मुलांना काय विचारणार, मुलं काय उत्तर देणार, प्रयोगात काय दिसणार, सगळं त्यात आधीच लिहायचं. मी पुस्तकातून पाहून सगळं लिहिलं. नाण्यावर पाण्याचे थेंब सोडले की पाणी फुगतं, पण सांडत नाही. साबण घोळला की फेस येतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. टाचण मंजूरही झालं.

पाठाच्या दिवशी सकाळी मी प्रयोगासाठी बादली भरून आणली. शाळेच्या हापशीवरून. वर्गाच्या कोपऱ्यात गोड्या पाण्याचं पिंप होतं, पण ते प्यायचं. गोडं पाणी साबणात घालवणारी सून आमच्याकडे फार दिवस सुखाने नांदत नाही. माझ्या हाताला जे वळण होतं तिकडे हात गेला.

सर अमरावतीहून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. माणूस वाईट नव्हता. माझ्या पहिल्या पाठाला मी खडू इतका दाबला की तो मोडला, तेव्हा यांनीच खिशातून दुसरा खडू काढून दिला होता. बसल्यावर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून बाकावर ठेवली.

नाण्याचा प्रयोग छान झाला. पाण्याचा फुगवटा बघायला सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. "मॅडम, सांडलं नाई! अजून टाका!" म्हणून दोघं भांडले. मग मी साबण घेतला आणि पेल्यातल्या पाण्यात घोळला. फेस नाही. अजून घोळला. पाणी दुधट झालं आणि वर पांढऱ्या चिकट गुठळ्या तरंगायला लागल्या.

"मॅडम, हे हापशीचं हाय," एक मुलगा म्हणाला.

"खाऱ्यात फेस नाई येत मॅडम. धुण्याचा सोडा टाका लागते," दुसरा म्हणाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. टाचणात 'फेस येतो' असं लिहिलेलं होतं आणि टाचण सरांच्या हातात होतं. मी घुटमळले. मग विचारलं, "तर फळ्यावर काय लिहू?"

"येत नाई लिहा," अर्धा वर्ग ओरडला.

मी लिहिलं, 'या पाण्यात साबणाला फेस येत नाही.'

त्याखाली रंग, वास, चव असे तीन शब्द आधीच लिहून ठेवले होते. रंग नाही, वास नाही, इथपर्यंत मुलांनी पटापट सांगितलं. मग मी विचारलं, "आणि चव?"

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. उत्तर द्यायला नाही, विचारायला. "कोनत्या पान्याची मॅडम?"

मी बादलीकडे पाहिलं. "ह्याच पाण्याची," मी म्हटलं.

"मंग खारी."

वर्गात कुणीच हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. मी 'चव' या शब्दापुढे 'खारट' असं लिहिलं.

शेवटच्या बाकावरून सर उठले. फळ्याजवळ येऊन हळू आवाजात, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "ताई, ही संकल्पनेचीच चूक झाली. पाणी चवहीन असतं. पुसा आणि दुरुस्त करा. पिंपातलं पाणी घ्या, साबणाचा प्रयोग परत करा. मी थांबतो."

खरं सांगायचं तर ही मोठी सवलत होती. दुसऱ्या कुणी ती दिली नसती. माझ्या हातात डस्टर होतं. पाठ नापास झाला तर आंतरवासिता अपुरी राहणार, आणि वर्ष वाया गेलं तर घरून मला पुन्हा अमरावतीला पाठवतील याची काही खात्री नव्हती. एक शब्द पुसायचा होता, बस. पण समोर ती मुलगी बसली होती. तिला मी विचारलं होतं, तिने खरं सांगितलं होतं आणि आता माझा हात काय करतो ते ती बघत होती. हीच मुलगी घरी जाऊन तेच पाणी वापरणार होती. मला माझा मिठाचा पेला आठवला.

"सर," मी म्हटलं. "मुलांनी जे पाहिलं तेच लिहिलंय."

"पुस्तकात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"हो सर."

"मग?"

मला मुद्देसूद बोलता येत नाही, घाईत तर नाहीच. जे समोर दिसत होतं तेच तोंडातून निघालं. "मग सर, तुम्ही अमरावतीहून बाटली का आणली?"

हे मात्र वर्गाने ऐकलं. सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ठीक आहे. पाठ परत घ्या. पुढच्या आठवड्यात, अमरावतीला, आपल्या सरावशाळेत." आणि पिशवी उचलून निघून गेले. बाटली पिशवीत घालायला विसरले नाहीत.

संध्याकाळी घरी सांगितलं. आई कणीक मळत होती.

"पुसून टाकाचं होतं ना बाई. फळाच तं होता."

बाबा अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ट्रकवर चढवायच्या कामावर आहेत, ते नुकतेच आले होते. ते म्हणाले, "कावून पुसावं तिनं? सरले एक गिलास पाजाचं होतं, म्हंजे चव कळली असती."

"तुमाले काय होते बोलाले. तिचं वर्ष गेलं तं?"

बाबा हातपाय धुवायला उठले. आईचं बरोबरच होतं.

होस्टेलवरच्या त्या धामणगावच्या मैत्रिणीने फोनवर सरळ सल्ला दिला. "चवहीन लिहून टाक. पास हो. मास्तरीन झाली की मंग सांगत बस पोट्ट्याईले खारं-गोडं." मी त्यावर दोन दिवस विचार केला. पुस्तक खोटं बोलत नाही, हेही मला कळत होतं. शुद्ध पाण्याला चव नसते. पण पाठाचं नाव 'शुद्ध पाण्याचे गुणधर्म' नव्हतं, नुसतं 'पाण्याचे गुणधर्म' होतं. आणि मी जर आज माझ्या गावचं पाणी पुसलं, तर मास्तरीन झाल्यावर ते लिहायची हिंमत मला कुठून येणार होती?

मी टाचण नव्याने लिहिलं. या वेळी सगळं आधीच त्यात घातलं, फेस न येण्यापासून ते चवीपर्यंत. हापशीचं पाणी उकळून, गाळून एका कॅनमध्ये भरलं आणि अकोल्याहून अमरावतीसाठी बडनेऱ्याच्या गाडीत बसले. कॅन मांडीवर घेतलेला बघून समोरच्या काकू म्हणाल्या, "गंगाजल हाय का काय?"

"नाही काकू. हापशीचं आहे."

"अमरावतीले पानी नाई का?"

"आहे. पण चव नाही त्याला," मी म्हटलं.

सरावशाळेतली मुलं शहरातली, चटपटीत. सर पुन्हा शेवटच्या बाकावर. मी दोन पेले ठेवले, एकात शाळेच्या नळाचं पाणी, एकात कॅनमधलं. साबण दोन्हींत घोळला. एकात फेस वर आला, दुसऱ्यात गुठळ्या. मुलं पुढे सरकली. ज्यांना चव बघायची होती त्यांच्या तळहातावर थोडंथोडं पाणी दिलं. तोंडं वाकडी झाली. "मॅडम, हे खरंच पितात?" एकाने विचारलं.

"मी प्याले आहे. लहानपणापासून," मी म्हटलं.

मग दोन चमचे घेतले, दोन्हींत थोडं थोडं पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. पाणी आटलं. माझ्या चमच्यात पांढरा थर राहिला. नळाच्या चमच्यात काही दिसणार नाही असं मुलांना वाटत होतं. एका मुलाने तो चमचा खिडकीकडे धरून तिरपा केला.

"मॅडम, आपल्याच्यातही आहे. पातळ आहे, पण आहे."

चमचा सगळ्या वर्गात फिरला. मी विचारलं, "मग चवहीन पाणी कोणतं?"

"बॅटरीत टाकतात ते. डिस्टिल्ड," एक जण म्हणाला. "माझ्या बाबांचं बॅटरीचं दुकान आहे."

"प्यायलास कधी?"

"नाही. बाबा मारतील."

मी फळ्यावर लिहिलं. चव: शुद्ध पाणी, चवहीन. हापशीचं पाणी, खारट. तिसऱ्या ओळीत 'आपल्या नळाचं पाणी' लिहून थांबले. शेवटी एक मुलगी म्हणाली, "आपल्याला कळत नाही मॅडम. रोजचंच आहे ना." मी तिथे लिहिलं, 'सवयीची'.

पाठ संपला. सरांनी टाचण आणि फळा दोन्ही दोनदा पाहिले. "हे पुस्तकाबाहेरचं आहे," ते म्हणाले.

"हो सर. टाचणात लिहिलंय या वेळी."

त्यांनी पाठ मान्य केला. गुण काठावरचे दिले. कॅन टेबलावरच होता, त्यांनी त्यातलं चाखून पाहिलं नाही. मला तेही चाललं. मी ते त्यांच्यासाठी आणलंच नव्हतं.

"फळा पुसून घ्या, पुढचा पाठ आहे," असं सांगून ते बाहेर गेले. पुढचा पाठ ज्याचा होता तो माझाच वर्गमित्र, हातात तक्ते घेऊन दारात उभा होता. मुलांचं वहीत उतरवून झालं होतं, म्हणून मला पुसायला हरकत नव्हती. फडकं कोरडं होतं. मी ते कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात भिजवलं आणि सगळा फळा स्वच्छ पुसून काढला, वरपासून खालपर्यंत. काळाभोर झाला.

मी पेले आवरत होते तोवर फळा वाळला. त्यावर पांढरे फराटे उमटले, फडकं जसं फिरलं होतं तसे.

"अरे यार, नीट पुसला नाही का तू?" वर्गमित्र म्हणाला.

"पुसला," मी म्हटलं. "ते आमच्या पाण्याचं आहे. असंच राहते ते."

त्याने कोरड्या डस्टरने दोन-तीनदा घासून पाहिलं. मग त्यावरच आपला पाठ लिहायला घेतला.